आडीतली सवलत

जुलैच्या मध्याला आडी महिना लागला त्याच दिवशी ईरोडच्या बस स्टँडसमोरच्या दवाखान्यावर एक भलंमोठं पिवळं कापड झळकलं. स्त्रीबीज वाढवण्याचं एका महिन्याचं पॅकेज. गोळ्या, इंजेक्शनं, चार सोनोग्राफ्या, सगळं धरून चोवीस हजार. त्या चोवीसवर लाल काट आणि खाली ठळक सोळा हजार आठशे. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, पैसे परत मिळणार नाहीत.

आडीत आमच्याकडे कुणी लग्न काढत नाही, घर घेत नाही. दुकानं ओस पडतात आणि मग सवलतींचा सुकाळ होतो. त्यात आता बाळंही आली, एवढंच नवं.

इळंगो ते कापड वाचून हसला. बाजारपेठेत त्याचं टॉवेल-चादरींचं दुकान होतं. आकडा आधी फुगवायचा आणि मग त्याच्यावर काट मारायची, ही विद्या त्याला कुणी शिकवायला नको होती.

"जूनमध्ये हेच सतरा हजार होतं," तो बायकोला म्हणाला. "दोनशे रुपये सोडले म्हण."

"अहो, पण मागच्या खेपेला गोळ्यांची पट्टी तर दीडशेची होती," तिलगवती म्हणाली.

"आणि ती काचेची दारं? आतला तो गारवा? डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर काचेच्या भांड्यात पोहणारा मासा? तो मासा रोज खातो, तिलगा."

तिलगवती हसली खरी, पण तिचा हात पर्सवर होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाच वर्षं तिने भिशी भरली, ती उचलली, आणि तीन खेपांत तिच्यातली बहुतेक काचेच्या दारांनी आणि माशाने फस्त केली. तिन्ही वेळा बीज अर्ध्यावरच खुंटलं होतं. उरलेल्यात ही एक खेप बसत होती. पुढची बसणार नव्हती.

सासूने, रासाम्माळने, मात्र आनंदाने होकार दिला. सात हजार दोनशे वाचतायत म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? शेजारणीलाही तिने सांगून टाकलं, "सुनेचं औषध आडीत घेतलंय. आडीत सगळंच स्वस्त."

आता या आडीचं दुसरंही एक अंग आहे. आडीत नवरा-बायकोने एकत्र राहायचं नाही. कारण सरळ आहे. आडीत पोटात राहिलेलं मूल एप्रिल-मेत, चित्तिरैच्या वणव्यात जन्मतं, आणि चित्तिरैत जन्मलेलं थोरलं मूल घराला धुऊन नेतं. हा नेम खरा नव्या नवरीसाठी. पण मूल होईपर्यंत सून नवीच, असा रासाम्माळचा हिशेब. त्यामुळे तिलगवती सहा वर्षं नवी होती आणि दर आडीत भवानी गावी माहेरी जात होती. यंदा दवाखान्याच्या फेऱ्या होत्या म्हणून ती घरीच राहिली. इळंगोची चटई दुकानात गेली, आणि रासाम्माळची सुनेच्या खोलीत आली.

एका हाताने सवलत घेतली आणि दुसऱ्या हाताने चटई उचलली, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. तिलगवतीला दिसलं होतं. पण बोलायचं कसं? सासूपुढे असल्या गोष्टी बोलायच्या कशा, हे कुठल्याच पॅकेजमध्ये नव्हतं.

गुरुवारी चौथी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "एकोणीस मिलिमीटर. एकच आहे, पण फुललंय."

तिलगवतीने डोळे मिटून मारियम्मन देवीला हात जोडले. चौथ्या खेपेला, एकच. त्या बीजाने पंचांग पाहिलं नव्हतं, बिचाऱ्याने.

शेवटचं इंजेक्शन दिलं, आणि काउंटरवरच्या मुलीने भरल्या हॉलमध्ये, पत्ता सांगावा तितक्या मोकळेपणाने सांगितलं, "उद्या आणि परवा दोघांनी एकत्र राहायचं हं."

रासाम्माळ खुर्चीतून उठली. "आडीत?"

"हो आजी."

"अगं, मग इंजेक्शन कशाला दिलं? सोळा हजार आठशे कशाचे घेतले?"

"आजी, इंजेक्शनाने बीज सुटतं. मूल नाही होत."

"म्हणजे एवढे पैसे देऊन पुन्हा आमच्याच माणसाने..." रासाम्माळने वाक्य पदराने झाकलं.

हॉलमध्ये बसलेल्या आणखी चार सासवा एकदम ताठ झाल्या. त्याही सवलतीतच आल्या होत्या.

मुलगी सरावलेली दिसली. "चित्तिरैची भीती ना? त्याचीही सोय आहे. चित्तिरै लागायच्या आधीच, पंगुनीच्या शेवटच्या आठवड्यात सिझेरियन करून घेऊ. मुहूर्त तुम्ही आणायचा. आत्ता नाव नोंदवलंत तर दहा टक्के कमी."

अजून न राहिलेल्या बाळाचा जन्मदिवस सवलतीत ठरत होता. एक सासू खरंच पिशवीतून चष्मा काढू लागली.

"पुढच्या महिन्यात, आवणीत बघू," रासाम्माळ म्हणाली. "बारा-चौदा दिवसांचा तर प्रश्न आहे. तोवर थांबेल ते."

"नाही थांबत, अत्तै," तिलगवती सासूला हळूच म्हणाली. "एक दिवस थांबतं फार तर."

 रिक्षात इंजेक्शनाने तिलगवतीची कंबर ठणकत होती. संध्याकाळी रासाम्माळने आपली चटई नेहमीच्याच जागी, दाराला आडवी टाकली.

शुक्रवारी पूर्वा नक्षत्र होतं. आडीतल्या या दिवशी अम्मनला बांगड्या भरतात. पहिलटकरणीचं डोहाळजेवण करावं तसं देवीचं करतात. तिलगवतीचा आडीतल्या शुक्रवारांचा उपास होताच. सासू-सुना पहाटेच देवळात गेल्या. अम्मन हिरव्या-लाल बांगड्यांत बुडून गेली होती. गळ्यात बांगड्यांच्या माळा, हातात बांगड्या, पायाशी ढीग. पुजाऱ्याने ओंजळभर बांगड्या तिलगवतीच्या पदरात टाकल्या. "घाल पोरी. पुढच्या वर्षी तुझ्या हातांनी तिला भर."

तिलगवतीने त्या तिथेच हातात चढवल्या. मग देवीकडेच बघत, सासूला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाली, "अत्तै, अम्मनचं डोहाळजेवण आडीतच असतं. तिला कुणी माहेरी पाठवलं नाही."

 रासाम्माळने देवीकडे पाहिलं, मग सुनेच्या हातांकडे. मनगटं बारीक झाली होती. दंडावर सुयांचे काळेनिळे डाग होते, ते बांगड्यांच्या वर उघडे पडले होते. ते रासाम्माळने आजवर मोजले नव्हते. पैसे मोजले होते.

घरी येताच तिने पिशवी भरायला घेतली. दोन लुगडी, पानाचा डबा. मुलाला दुकानात फोन लावला.

"इळंगो, मी गोबीला जातेय, तुझ्या मावशीकडे. त्यांच्या देवळात आंबील वाटायची आहे, माणसं कमी पडतायत म्हणे. रविवारी येईन. तू जेवायला घरी ये. चटई घेऊन ये, तिथे उंदीर कुरतडतील."

"काल तर मावशी म्हणाली, त्यांच्याकडची आंबील गेल्याच शुक्रवारी..."

"तुला आईपेक्षा जास्त कळतं?" तिने फोन ठेवला.

तिलगवती दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून रासाम्माळ वैतागली.

"रडतेस काय? तुझ्यासाठी नाही जात मी. सोळा हजार आठशे भरलेत. पैसे परत मिळणार नाहीत, असं लिहिलंय त्या मेल्यांनी."

"चित्तिरैत झालं तर, अत्तै?"

रासाम्माळने चप्पल सरकवली. "झालं तर बघू. होऊ तर दे. घर धुऊन नेईल म्हणतात. न्यायला दवाखान्याने काही ठेवलंय का आधी?"

ती फाटकापर्यंत गेली आणि परत वळली. "दूध फ्रिजमध्ये आहे. आणि उपास सोड आज सांजेला. रिकाम्या पोटी कुणाचं भलं होत नाही."

रिक्षा गेली. तिलगवती आत आली आणि दाराशी आडवी पडलेली सासूची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. हातातल्या बांगड्या किणकिणल्या. देवळातल्या ताटात तिने अकरा रुपये टाकले होते. साऱ्या उपचारात तेवढीच एक गोष्ट अशी होती, जिचा आकडा कुणी आधी फुगवला नव्हता.

मग तिने तांदूळ धुवायला घेतले. दोघांचे.