दारात उभा राहिलेला एफ्राईमचा माणूस

ये, बस ट्रकवाल्या. तुझ्या ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा भट्टीत लाल व्हायला वेळ आहे. तोवर एक हकीकत ऐक. थापा नाही मारत, यातलं रक्त मी स्वतःच्या हातानं धुतलंय.

समोर दिसतंय ते आमचं प्रार्थनाघर. आम्ही यहुदी. फार पूर्वी आमचे बारा वंश होते. परक्या राजानं त्यातले दहा हाकलून नेले, ते गेले ते गेलेच. मग माझ्या लहानपणी डोंगरातून काही माणसं खाली आली. कुठलंही जनावर कापलं की मांडीची शीर काढून टाकायची, कारण आपला पूर्वज याकोब तिथंच लंगडा झाला. आमच्यातही तेच. आमची म्हातारी मंडळी रडायलाच लागली, म्हणाली, ही हरवलेली माणसं, योसेफाच्या घरातली, त्याच्या पोराच्या, एफ्राईमच्या वंशाची.

त्यातलाच एक माझा दाजी. ताईनं त्याच्याशी लग्न केलं. भट्टीवर माझ्यासोबत घण मारायचा. कुणी हरवलेला म्हटलं की हसायचा. "हरवलो कुठं? आमचा पत्ता आम्हाला माहीत होता. तुम्हीच शोधायला आला नाहीत."

आता मास्तरचं ऐक. आम्हाला पवित्र पुस्तक शिकवणारा. आमच्यात मानतात की मसीहा, म्हणजे देवानं धाडलेले तारणहार, दोन. पहिला योसेफाच्या वंशातला, तो वेशीवर लढून मरणार. मग दावीदाच्या वंशातला येणार आणि विखुरलेले सगळे घरी जाणार. हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण मास्तर दाजीच्या खांद्यांकडे बघायला लागला, खाटीक बकऱ्याकडे बघतो तसा.

प्रार्थनाघराच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा. गेल्या शनिवारी ऐन प्रार्थनेत त्याची माणसं गज घेऊन आली. दाजी एकटा दारात आडवा झाला. पहिल्याचा जबडा फोडला. दुसऱ्याचा हात दारात चेचला, बोटं लोंबायला लागली. तिसऱ्यानं बरगडीखाली सुरी घातली नि पिळली. दाजीनं त्याचं डोकं धरून चौकटीच्या दगडावर आपटलं, तो थंड होईस्तोवर. बाकीचे त्याला ओढत पळाले. दाजी भिंतीला घासत खाली बसला.

आणि आमची माणसं काय करतात? प्रार्थनेच्या शाली खांद्यावर घेऊन रस्त्याकडे बघत उभी. दुसऱ्या मसीहाची वाट बघत! रक्त बुटांपर्यंत आलं तसे पाय बाजूला घेतले. दाजीजवळ कुणी जाऊ नये म्हणून मास्तर हात पसरून आडवा उभा, आनंदानं रडतोय.

बायकांच्या बाजूनं ताई धावत आली. म्हणाली, "रस्त्याकडे काय बघताय? माणूस इथं मरतोय."

मास्तर अगदी मायेनं म्हणाला, "पोरी, जाऊ दे त्याला. हा गेल्याशिवाय तो येत नाही."

ताईनं स्टूल उचललं नि त्याच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर पडले. "जुनी माणसं रोज मागणं मागायची, योसेफाचा पोरगा मरू नये म्हणून," ती म्हणाली. "ते शिकवायचं बरं राहून गेलं तुझ्याकडून."

शनिवारी आम्ही गाडीला हात लावत नाही. पण जीव वाचवायला शनिवार मोडतो, हे मास्तरनंच शिकवलेलं. मी दाजीला टेम्पोत घातलं. माझा सख्खा चुलतभाऊ मागच्या फळीला लोंबकळला, दाजीला खाली ओढायला. पान्यानं त्याची बोटं मोडली मी. डॉक्टरनं दाजीला शिवलं. वाचला.

तिथंच सगळं बिनसलं. मास्तर बोळक्या तोंडानं सांगत फिरतोय की भाकीत बरोबर होतं, आपणच आडवे आलो. या शनिवारी दाजीला पुन्हा दारात मरायला नेऊन बसवायचंय त्याला नि आमच्या माणसांना. माझा टेम्पो फोडला त्यांनी. पोलीस बिल्डरच्या खिशात. काल आमच्यातलेच दोघं तब्येत विचारायला आले, एकाच्या शालीत सुरी निघाली. ताईनं चहाचं उकळतं आधण त्याच्या तोंडावर ओतलं. कातडी सोलून निघाली त्याची. वाईट माणसं नाहीत रे ती, माझी आई गेली तेव्हा यांनीच खांदा दिलेला.

दाजी वरच्या खोलीत पडलाय, ताई दाराला पाठ लावून बसलीय. डोंगरात त्याची माणसं आहेत, ती सांभाळतील. तुझा रस्ता त्याच बाजूचा. मागं पोत्यांच्या मधे दोघांपुरती जागा करशील? आणि खड्डे जरा बघून चालव बाबा, टाके अजून ओले आहेत.