पल्याडची गाय अडली

इंद्रायणी दोन्ही थड्या भरून चालली होती. नावाड्यानं नाव खुंट्याला बांधून घर गाठलं होतं. पल्याड रंभा पदर हलवून ओरडत होती, अन् अल्याड तळवड्याच्या काठावर तिची आई, गोजाबाई, चिखलात उभी होती. कळलं ते एवढंच, की गाय विताना सकाळधरनं अडलीय आणि एकच खूर दिसतोय.

अडलेल्या गाई मोकळ्या कराव्यात तर गोजाबाईनंच. पण पुरात शिरणं म्हंजे जीव देणं. शेजारी जावई यशवंता होता, पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या बांधकामावरनं परतताना इकडंच अडकलेला. गाय त्याचीच, दारातली एकुलती. मघाशी तो पाण्यात उतरला, तर गोजाबाईनंच दंडाला धरून मागं ओढला.

"सांगा की तिला, मामी."

तिनं घसा फाटेस्तोवर सांगितलं. निम्मे शब्द पाण्यानं खाल्ले. अन् सांगायचं तरी काय? आजवर ती हात आत घालून डोळे मिटायची. पुढलं हातालाच उमगायचं.

"जावईबापू," ती शेवटी म्हणाली, "लाज सोडा. वासरू व्हा."

यशवंता चिखलात ओणवा झाला. तिनं त्याच्यावर घोंगडं टाकलं, त्याचा एक हात बाहेर काढला, दुसरा आत मागं दुमडला. जावयापुढं कधी डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई, तिनं त्याला खांदा धरून मागं रेटलं. दुमडल्या हाताची मूठ तळव्यात झाकली, खूर गाईला आतनं लागू नये म्हणून, अन् हळूच पुढं आणली. पल्याड रंभा हवेत तेच करत होती, पण आधी मागं रेटायचं विसरत होती. गोजाबाईनं जावयाला असा ढकलला की तो आडवाच झाला. रंभानं मान डोलावली अन् गोठ्याच्या छपरात पळाली.

मग नुसतं पाणी वाजत राहिलं.

"कळ आली की हात थांबवायचा असतो," गोजाबाई पुटपुटली. "ते राह्यलंच. ते दावायचं तरी कसं?"

यशवंतानं चिखलानं भरलेलं घोंगडं उचललं.

बऱ्याच वेळानं रंभा वासराला उचलून बाहेर आली. गवतावर ठेवलं, ते हललं नाही. गोजाबाई ओरडणार, तोवर रंभानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, मागचे पाय धरून त्याला उलटं टांगलं. वासरू थरथरलं. मागोमाग गाय आली अन् चाटू लागली.

"हे कवा दावलंत?" यशवंतानं विचारलं.

"न्हाई दावलं."

ती तिथंच चिखलात बसली. पल्याड रंभा गाईच्या गळ्यात पडून रडत होती, अन् तिच्यापाशी जायला कुणालाच वाट नव्हती. पाणी अजून चढतच होतं.