मनगटातून निघालेला दोरा

कारखान्याच्या जेवणघरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या बायका बाकांवर चढून माना उंचावत होत्या. मधल्या टेबलावर थोरलीचा उजवा हात आडवा टाकला होता, चौघींनी तिला दाबून धरलं होतं आणि हातवाले महाराज लाकडी दांडक्याने तिच्या कोपराखाली हाणत होते.

“बाहेर ये! येतेस की नाही?”

थोरलीने किंकाळी फोडली.

“ती नाही ओरडत, आतली गाठ ओरडतेय,” महाराज म्हणाले. गाठीला गळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तिथला मेकॅनिक, शिलाई मशिनं दुरुस्त करतो. थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा, शेजारशेजारच्या मशिनवर बसत. थोरली अकरा वर्षं कॉलर शिवत होती. दिवसाला सहाशे कॉलर, आणि प्रत्येकीला मनगटाचा तोच एक झटका. गेल्या वर्षभरात तिचा हात इतका आखडला की पाण्याचा पेला उचलेना. इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं, “तीच ती हालचाल करून स्नायू दुखावलेत. मी हातांनी हळूहळू मोकळे करीन, पण तुम्ही कॉलर थांबवा.” सुपरवायझरने काम बदलून दिलं नाही. मग कुणीतरी महाराजांना आणलं. ते म्हणे पाच मिनिटांत दुखणं उपटून हातात देतात.

महाराजांनी दांडकं काखेत धरलं, सुजलेल्या हातात अंगठा रुतवला आणि पिळला. रक्त ओघळलं. त्या रक्तातून त्यांनी वीतभर काळा दोरा ओढून काढला. त्याला सात गाठी होत्या.

“या गाठी बांधणारी तुझ्या डावीकडे बसते,” महाराज हळूच म्हणाले. “तुझ्याच घरात राहते.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. धाकटी नुकतीच आत आली होती.

“मी? जाऊबाई, अहो तुमचा हात वर जात नाही म्हणून मी रोज तुमची वेणी घालते!”

“तिथेच बांधलं! वेणीतच!” महाराज गरजले.

पहिला डबा तिच्या भुवईवर बसला. मग कुणी केस धरले, कुणी पोटात लाथ घातली. जिच्याशी ती सकाळी हसत बोलली होती, तीच तिचं डोकं फरशीवर आपटत होती. थोरली टेबलावरून बघत होती. “मारा तिला,” ती म्हणाली. “माझा हात खाल्ला हिने.”

मी “थांबा, थांबा” म्हणत होतो, पण माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंना धाकटीनेच इस्पितळातून बोलावून आणलं होतं; त्या तिच्या मागोमाग आत आल्या. त्या ओरडल्या, कुणी ऐकेना. तशा त्या गर्दी फोडून थेट महाराजांपाशी गेल्या आणि त्यांची उजवी मूठ पकडली.

“उघडा.”

“हात सोड, भस्म होशील!” महाराजांनी डाव्या हाताने दांडकं बाईंच्या खांद्यावर हाणलं. बाई कळवळल्या, पण सोडलं नाही. त्यांनी महाराजांचं मनगट आतल्या बाजूला पार दुमडलं. मनगट तसं दुमडलं की बोटं आवळणारे स्नायू सैल पडतात, मुठीत जोर राहत नाही. मूठ आपोआप उघडली आणि टेबलावर कातडीच्या रंगाचं एक रबरी टोपण पडलं, अंगठ्यावर बसेल असं. आत लाल रंगात भिजलेला स्पंजाचा तुकडा होता. आणि आणखी एक काळा दोरा, गाठी मारून तयार.

“हा कुणाच्या हातातून निघणार होता?” बाईंनी विचारलं.

त्यांनी ओल्या फडक्याने थोरलीचा हात पुसला. “दोरा आतून आला ना? मग भोक दाखवा.” कातडीवर साधा ओरखडा नव्हता. दांडक्याचे निळे वळ तेवढे होते.

“पण गेल्या महिन्यात यांच्याकडे गेले तेव्हा माझा खांदा तर लगेच हलका झाला होता,” एक जण चाचरत म्हणाली.

“मार बसला की जागा थोडा वेळ बधिर होते. घरी गेल्यावर?”

“दुप्पट दुखला.”

धाकटीचे केस धरणाऱ्या मुठी सुटल्या. तोंड लपवायला कुणाला जागा मिळेना.

महाराजांना पोलिसांनी नेलं. धाकटीच्या भुवईला पाच टाके पडले. थोरलीच्या हाडाला दांडक्याने तडा गेला होता. प्लास्टर निघाल्यावर चार महिने बाईंनी तिच्या हाताचा एकेक स्नायू बोटांनी दाबत, ताणत मोकळा केला. कारखान्यात आता दर दोन तासांनी काम बदलतात. थोरली पेला उचलते. तिने धाकटीची माफीही मागितली, पण धाकटी वेगळी राहायला गेली ती गेलीच.

म्हणून सांगतो. हात दुखला तर ‘कुणी केलं’ असं विचारू नका, ‘कशाने झालं’ ते विचारा. तो हात दिवसभर काय करतो ते बघा. कुणी चमत्कार दाखवला तर जवळ जाऊन तपासा, मोठ्याने प्रश्न विचारा. त्या दुपारी जेवणघरात आम्ही दोनशे जण होतो. एकाने जरी विचारलं असतं, तर धाकटीने मार खाल्ला नसता.