पुस्ताच्या पोटात

बेपोने पुस्ताला काखेत धरून गाडीवरून खाली खेचलं आणि त्याच झटक्यात पुस्ताचं पोट फाटलं.

पुस्त म्हणजे जुन्या कपड्यांचं बुजगावणं. ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस सुरू होण्याआधी त्याच्यावर खटला भरायचा, वर्षभरात गावात जे जे वाईट घडलं ते त्याच्या माथी मारायचं आणि चौकात जाळून टाकायचं. पोटात पेंढाच असतो. या वेळी मात्र पोटातून कागद बाहेर आले. गुंडाळलेले, वरची पत्त्याची पट्टीही न फाडलेले वर्तमानपत्राचे अंक धबाधबा चिखलात पडले. तोंडाला काजळी फासून, कमरेला घंटा बांधून नाचणारे गडी जागच्या जागी थिजले. कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं.

विगी तोमाझ अगदी पुढे उभा होता. 'उंबरठा' हे वर्तमानपत्र त्याचं. लिहायचा तो, छापून आणायचा तो, पट्ट्यांवर डोंगरातल्या घराघरांची नावं घालायचा तोही. गावाचं गायन मंडळ त्याने उभं केलं, नाटकं बसवली आणि त्यापायी शाळामास्तरची नोकरी घालवली. इटलीत राहून आपल्या लोकांच्या स्लोव्हेन भाषेत पेपर काढतो म्हणून हवालदार अधूनमधून दार ठोठावायचा. विगी छाती काढून सांगायचा, "वर जाऊन बघा, माझा पेपर घरोघर वाचतात."

त्याने वाकून एक अंक उचलला. पट्टीवर त्याच्याच अक्षरात पेरीना मावशीचं नाव होतं. दुसऱ्यावर बेपोच्या बापाचं. तिसरा उचलायला त्याचा हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

"मावशी, हा तुझा?"

"माझाच," पेरीना म्हणाली. "गाईच राहिल्या नाहीत गावात, पेंढा आणायचा कुठून? म्हटलं, डुकराखाली घालण्यापेक्षा हे बरं."

"अगं, उघडलासुद्धा नाहीस!"

"उघडून काय करू? माशा मारू?" ती तडकली. "आमच्या वेळच्या मास्तरने इटालियनच वाचायला शिकवलं. आपली बोली तोंडातून निघाली की छडी. तू गेलास सीमेपलीकडे, ल्युब्लियानात शिकलास. आम्हाला कोण शिकवणार? शेळी?"

मागे कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं.

इतकी वर्षं या माणसांच्या चुलीशी बसून विगीने मक्याचा पोलेंटा खाल्ला, दारू प्यायली, गाणी म्हटली. यांना वाचता येतं का, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

"मग घेत कशाला होतीस? नको म्हणायचं होतंस."

"नको कशी म्हणू?" पेरीनाने डोक्यावरच्या रुमालाने नाक पुसलं. "हवालदार माझ्याही दारात आला होता. म्हणाला, हा पेपर घेतेस? म्हटलं, घेते. वाचतेस? म्हटलं, सगळा. पोराचं बेल्जियमच्या खाणीत जायचं परवानगीपत्र अडकवलं त्याने. तरी घेतला."

बेपो खाली बघत होता. त्याच्या हातातली मशाल धूर ओकत होती.

विगीचे डोळे भरून आले. लाज आणि माया यातलं नेमकं काय दाटून आलंय ते त्याला कळेना. त्याने पट्टी फाडली.

"वाचून दाखवतो," तो म्हणाला. "आज सगळ्यांना वाचून दाखवतो."

"वाच, वाच!" बेपो उत्साहाने ओरडला. म्हाताऱ्यांना पुढे घेतलं गेलं. पेरीनाला गाडीच्या दांडीवर बसवलं.

विगीने घसा साफ केला. आवाज आपोआपच नाटकातला लागला.

"सन्माननीय वाचकबंधूंनो, स्वभाषेच्या संवर्धनार्थ आपण सर्वांनी कृतसंकल्प होणे हेच प्रस्तुत काळाचे आद्य कर्तव्य होय..."

पुरुषांनी टोप्या काढल्या. देवळात पाद्रीबाबा लॅटिन सुरू करतात तेव्हा काढतात तशा. बायांनी हात जुळवले. अग्रलेख संपेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. विगीने मान वर केली तेव्हा सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"काय छान वाचतोस रे," पेरीना म्हणाली. "ऐकत राहावंसं वाटतं." मग तिने जरा जवळ सरकून, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "कुठल्या गावचं बोलणं हे?"

विगीने तोंड उघडलं. "आपलंच" म्हणायचं होतं. ते काही केल्या बाहेर येईना.

"लांबचं आहे, मावशी," तो म्हणाला.

मग तो चिखलात गुडघ्यावर बसला, पडलेले अंक त्याने एकेक करून पुस्ताच्या पोटात भरले, हातातलाही भरला आणि त्याच्या सदऱ्याची बटणं लावून दिली.