चिंचमाळच्या भिंतीखाली अंथरलेली सतरंजी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. अंगावर निळे-तांबडे पट्टे, दोन्ही टोकांना एके काळी गोंडे आणि एका कोपऱ्यात काळ्या लोकरीची बारीक रेघ. ते गोंडे आता राहिले नाहीत. निम्मे वाडीतल्या लहान मुलांनी ओढून नेले, बाकीच्यांची गोष्ट पुढं येईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सतरंजीच्या जन्माला आल्यावर पाय, पोरं आणि सांडलेला चहा यांची तक्रार करून भागत नाही.

माझं माहेर कोणतं, हे ऐकलं की मात्र लोक चपापतात. वडवणीच्या बाजूला एका उघड्या माळावर चिंचमाळचा तुरुंग आहे. तिथल्या विणकाम शेडमध्ये माझा जन्म झाला. मला विणणाऱ्याचं नाव सुग्रीव. मेंढपाळाच्या घरातला, उंचापुरा आणि तापट. चराईवरून झालेल्या भांडणात त्यानं काठी उगारली आणि समोरचा माणूस कायमचा लंगडा झाला. चूक सुग्रीवची होती. शिक्षा झाली, ती त्यानं मान खाली घालून घेतली.

हातमागावर तो बसायचा तेव्हा त्याचा सगळा तापटपणा ठोक्यात उतरायचा. खट-खट, खट-खट! धागा घट्ट बसायचा. त्याच्या मनगटात आईनं बांधलेला काळ्या लोकरीचा दोरा होता. तो झिजून तुटला, तेव्हा टाकून न देता त्यानं माझ्या कोपऱ्यात विणला. दृष्ट लागू नये म्हणून! माझ्यासारखीला कोण दृष्ट लावणार? पण मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून मी स्वतःला जरा देखणी समजते.

पुढच्या मुलाखतीला, म्हणजे कैद्यांच्या भेटीच्या दिवशी, त्याची आई, रतनबाई, आली. जाळीपलीकडून तो म्हणाला, "आई, मी इणलेली सतरंजी गेटाजवळच्या दुकानात लावलीय. कोपऱ्यात तुझी लोकर हाय बघ." रतनबाई तडक दुकानात गेली. सगळ्या घड्यांचे कोपरे उलटून बघितले आणि मला काखोटीला मारून बाहेर पडली. एसटीत बसायला जागा मिळाली तरी तिनं मला खाली ठेवलं नाही. मी तिच्या मांडीवर बसून वाडीत आले.

नंतरची काही वर्षं माझी मोठी ऐट होती. बारसं असो, बचत गटाची बैठक असो, सगळीकडे रतनबाईची सतरंजी! "लई दणकट हाय गं," असं कुणी म्हटलं की रतनबाईचा चेहरा खुलायचा. मग एका साखरपुड्यात पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "ही कुठून आणली?" कुणीतरी खरं सांगून टाकलं. पाहुणे एकेक करून उठले आणि नुसत्या जमिनीवर जाऊन बसले. मित्रांनो, फाटण्याचं दुःख मी सोसलं असतं, पण ते रिकामं होणं मला सोसवलं नाही. रतनबाईनं माझी घडी केली आणि मला पत्र्याच्या पेटीवर, जुन्या वाकळांखाली ठेवून दिलं. तिथं मी उंदरांशी बोलत दिवस काढू लागले.

यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी दारात एक म्हातारा उभा राहिला. पंडित त्याचं नाव. शिक्षा भोगून नुकताच सुटला होता. सुग्रीवच्या शेजारच्या मागावर तो विणायचा. स्वतःच्या घरी न जाता तो आधी रतनबाईकडे आला होता.

त्यानं सांगितलं ते असं. शेडला वर पत्रा आणि खिडकी एकही नाही. कापसाचा धुरळा नाकातोंडात जातो. उन्हानं पंडित मागावरच कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा मागावर बसवलं, तेव्हा सुग्रीवनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग शेजारच्यानं ठेवले, मग सगळ्यांनी. दंगा नाही, घोषणा नाही. रोज शेडमध्ये जायचं आणि मागासमोर गप्प बसून राहायचं. खिडक्या हव्यात, पंखे हवेत, गार पाणी हवं आणि आजारी माणसाला सुट्टी हवी, एवढंच मागणं.

"पर आता मुलाखती बंद केल्यात सगळ्यांच्या," पंडित म्हणाला. "चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. पोरांना वाटतंय, बाहेर कुणाला पत्ताच न्हाई. असंच ऱ्हायलं तर धीर सुटंल त्यांचा."

रतनबाई उठली. तिनं वाकळा बाजूला सारल्या, मला ओढून काढलं, अंगणात दोनदा असं झटकलं की माझ्यातली सगळी मरगळ धुळीबरोबर उडाली. मग मला लिंबाखाली अंथरून तिनं वाडी गोळा केली.

बचत गटाची अध्यक्ष वनमाला माझ्या काठाशी उभीच राहिली. "कैद्यांचा कसला संप, रतनबाई? लोक काय म्हनतील?"

"माझ्या लेकाला कोर्टानं शिक्षा दिली, ती मी मानली," रतनबाई म्हणाली. "पर पत्र्याखाली भाजून काढायची शिक्षा कोर्टानं दिलती का? सांग की!"

 वनमालानं चपला काढल्या आणि ती माझ्यावर मधोमध येऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या बसल्या. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगावर माणसांचं वजन आलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

बीडच्या कोर्टात वकिली करणारी स्वप्ना मूळची वडवणीची. बायकांनी तिला गाठलं आणि तिनं शेडमधल्या हालांबद्दल कोर्टात अर्ज केला. पण अर्ज त्याच्या चालीनं चालणार. तोवर आतल्यांना कळवायचं कसं? तुरुंगासमोर बसायची परवानगी मागितली, तर ती नाकारली गेली. जमाव नको, घोषणा नको, भोंगा नको. स्वप्ना वाडीत येऊन हे सांगत होती, तेव्हा रतनबाईचा भाऊ धुळाजी तंबाखू मळत बसला होता. त्यानं मान वर केली.

"ताई, मेंढ्या बसवायला परवानगी लागती का?"

 स्वप्ना अशी हसली, की तिच्या हातातला चहा माझ्यावर सांडला. त्या डागाचा मला अभिमान आहे.

मुलांनो, तुम्ही शहरात राहत असाल तर सांगते. उन्हाळ्यात शेतं मोकळी असतात. तेव्हा शेतकरी मेंढपाळांना बोलावतात आणि मेंढ्या रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत फुकट पडतं, पुढचं पीक झकास येतं. ही आमच्याकडची जुनी रीत. आणि तुरुंगाच्या भिंतीला लागून जे काळं रान आहे, ते होतं विजयसिंह यांचं. बडे बागायतदार, राजकारणात मुरलेले. धुळाजीचा कळप आपल्या रानात बसावा म्हणून ते केव्हापासून त्याच्या मागं लागले होते.

"विजयसिंहदादा, मेंढ्या आणतो," धुळाजी म्हणाला. "पर संगं बायामाणसं असत्याल. सतरंजी असंल. ढोल असंल."

विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बघ धुळाजी, संपाबिंपाचं मला काही माहीत नाही. मी फक्त खत मागतोय. लई मेंढ्या आण."

दुसऱ्या दिवशी सगळा लवाजमा निघाला. पुढं मेंढ्या, मागं घोडी, घोडीवर संसार आणि त्या संसारावर मी! रानात वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, उभं राहिलं. भिंतीच्या सावलीला मला अंथरलं. पलीकडे माझं माहेर होतं आणि तिथून एकही ठोका ऐकू येत नव्हता. सगळे माग गप्प होते.

बचत गटाच्या बायका भाकऱ्यांच्या चवडी घेऊन आल्या. वडवणीच्या बाजारातून कुणी कांदे पाठवले, कुणी ठेचा. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या मुली मडक्यांतून पाणी घेऊन आल्या. मग हळूहळू वेगळीच माणसं येऊ लागली. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढलेली एक बाई, बायनाबाई, आधी लांब बांधावर बसली. घरातला माणूस आत आहे, हे तिनं गावात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रतनबाईनं तिला हात धरून आणलं आणि माझ्यावर बसवलं. "माझाबी आतच हाय," एवढंच ती बोलली आणि रडू लागली. थोड्या वेळानं भाकरी थापायच्या पद्धतीवरून ती वनमालाशी भांडत होती, आणि तिचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

दुपारी तुरुंगाचे साहेब बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"मेंढ्या बसल्यात, साहेब," धुळाजी म्हणाला.

"आणि या बायका?"

"मेंढ्यांसंगं आल्यात."

"आणि तो ढोल?"

"देवाचा हाय. मेंढ्या बसल्या की देवाला आळवावं लागतं."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात विजयसिंहांची जीप आली. ते खाली उतरले आणि लेंड्यांकडे कौतुकानं बघत म्हणाले, "नमस्कार साहेब. शेत माझं, खत माझं. काही अडचण?" साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, मेंढ्यांकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि परत गेले.

मग धुळाजीनं ढोल गळ्यात अडकवला. धन-धन-धनक! बायकांनी ओवी धरली. सुग्रीव लहानपणापासून ज्या चालीवर नाचला, तीच. माझ्याखालची माती थरथरत होती. ढोल थांबला, सगळे कान देऊन बसले. भिंतीपलीकडून काहीच आलं नाही. धुळाजीनं पुन्हा वाजवलं. आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला. खट-खट-खटक!

रतनबाईचा चेहरा पांढरा पडला. "माग चालू झाले," ती म्हणाली. "संप मोडला गं बाई. पोरांनी धीर सोडला." ती मटकन माझ्यावर बसली. बायनाबाईनं पुन्हा पदर तोंडाशी नेला.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! मी त्याच ठोक्यातून जन्मले होते. धागा भरलेल्या मागाचा ठोका जड आणि बसका असतो. हा ठोका पोकळ होता. मागावर धागाच नव्हता! पण सतरंजीचं कोण ऐकतं? मी नुसती तळमळत होते आणि रतनबाईचे अश्रू माझ्या काळ्या रेघेवर पडत होते.

पंडितही तिथंच होता. तो कान टवकारून उठला. "धुळाजी, थांब. आता येगळं वाजीव."

धुळाजीनं चाल बदलली. धनक-धन, धनक-धन. पलीकडून लगेच आलं, खटक-खट, खटक-खट! धुळाजी थांबला, तेही थांबले. त्यानं एकच थाप मारली, तिकडून एकच ठोका आला.

"रिकामे माग हायेत!" पंडित ओरडला. "काम चालू न्हाई गं रतनबाई, पोरं तुमच्यासंगं वाजवायलीत!"

मग काय विचारता! रतनबाई उठली ती थेट नाचायलाच लागली. वनमाला नाचली, बायनाबाई नाचली, धोतराचा सोगा सावरत पंडित नाचला. भिंतीवरच्या पहारेकऱ्यानं मान दुसरीकडे वळवली होती, पण त्याचा बूट ठेका धरत होता, हे मी खालून स्पष्ट पाहिलं. माझ्यावर इतके पाय पडले की उरलेले गोंडे त्याच दुपारी गेले. गेले तर गेले.

त्यानंतर रोज दुपारी ढोल वाजला आणि रोज उत्तर आलं. आतल्या एकाचेही हात मांडीवरून हलले नाहीत, हलले ते फक्त आमच्या ढोलाला साथ द्यायला. शेवटी स्वप्नाच्या अर्जावरून कोर्टाचे न्यायाधीश स्वतः शेड बघायला आले. आत गेले तेव्हा त्यांचा सदरा कडक इस्त्रीचा होता. बाहेर आले तेव्हा तो पाठीला चिकटला होता. फार बोलावं लागलंच नाही. मुलाखती सुरू झाल्या, पाण्याचे माठ आले, आजाऱ्याला सुट्टी मिळाली, पंखे आले. शेडच्या भिंतीला खिडक्या पाडल्या, त्याही नेमक्या विजयसिंहांच्या रानाच्या बाजूला.

पहिल्या मुलाखतीला रतनबाई मला काखेत घेऊनच गेली. जाळीपलीकडे सुग्रीव उभा होता. वाळला होता, पण हसत होता.

"आई, खिडकीतून गार वारा येतो," तो म्हणाला. "मेंढरांचा वास येतो गं त्याला."

"मंग कावून रडायलास?" रतनबाईनं विचारलं. तिचेही डोळे वाहत होते.

त्यानं जाळीतून बोट घातलं आणि माझ्या कोपऱ्यातल्या लोकरीला लावलं.

आता मी पुन्हा बारशांना आणि बैठकांना जाते. परवाच्या साखरपुड्यात तर पाहुणे विचारत होते, "ढोलवाली सतरंजी हीच का?" आणि बसायला जागा पुरली नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला वरचेवर झटका, ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. पण माझ्यावर बसण्याआधी एकदा माझा कोपरा उलटून बघा आणि मला विणणारे हात आठवा. ते हात कुठल्यातरी भिंतीआड असतील. तिथून कधी ठोका ऐकू आला, तर तुमच्याकडून एक तरी ठोका परत जाऊ द्या.