कडू सालीचा वाटा

गोदाबाईच्या वाटणीला नाव ठेवणारी बाई तेल्हाऱ्यापासून अकोल्यापर्यंत सापडली नसती. कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून जो तो बेइमान झाला होता. कोणी कापसावर पाणी मारी, कोणी गठ्ठ्यात वाळू घाली. पण गोदाबाईची वेचणीची टोळी संध्याकाळी बांधावर बसली, की मजुरीच्या कापसाचे ढीग ती असे सारखे लावी, की बायांनी डोळे मिटून कोणताही उचलावा. आजारी म्हणून घरी राहिलेलीचाही ढीग लागायचा. याचा तिला ताठा होता आणि तो ती लपवतही नसे.

अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात औषधं कुटणारा नियाज मात्र तिच्या लेखी चोर होता. गेल्या कार्तिकात तिचा नवरा सहदेव तिजाऱ्यानं, म्हणजे एक दिवस आड येणाऱ्या थंडीतापानं पडला, तेव्हा नियाजनंच त्याला कडू सालीच्या पुड्या दिल्या होत्या. तरी सहदेव गेला. तेव्हापासून नियाज भरबाजारात दिसला, की ही ओरडायची, "विटकरीचा चुरा देते मेला, अन् सरकारी दवा म्हनते!"

आणि आता सून जमुना त्याच तापानं पडली. मुलगा कापसाच्या बैलबंड्या घेऊन खामगावकडे गेलेला. काढे झाले, उतारे झाले, पोरीचे डोळे खोल गेले. शेवटी गोदाबाईनं तिला बंडीत घातलं आणि दातओठ खात दवाखान्याची पायरी चढली.

तिला पाहताच नियाजनं हातातला बत्ता आपटला.

"काहून आली? विटकरीचा चुरा संपला काय घरचा?"

"सुनेसाठी आली. हौस नाई मले तुहं थोबाड पाहाची."

"अन् बाजारात माही इज्जत काढली तवा? डाक्टरसाहेब बी माह्यावर शक करून राहिला!" नियाजनं खलातला सालीचा तुकडा तिच्यापुढं धरला. "आयक बाई. याचं झाड समुद्रापलीकडच्या दाट जंगलातलं. तिथं बाराही महिने पाऊस पडते. आपल्याकडं आत्ता कुठं निलगिरीवर रोपं लागली. साहेबानं रेल्वेच्या मजुरांवर पारखून पाह्यलं. ज्यायनं पुऱ्या पुड्या खाल्ल्या ते उठून कामाले लागले. ज्यायले नुसता काढा देला, त्यायले थंडी पुन्हा भरली. हे म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. मंग तुहा नवराच कसा मेला?"

"ते तुलेच ठाऊक!"

नियाजचा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. त्यानं जमुनाला दवाखान्याच्या ओसरीतच ठेवून घेतलं आणि प्रत्येक पुडी स्वतःसमोर गिळायला लावली. गोदाबाई समोर बसून त्याच्या हातांवर नजर ठेवून राहिली. तापाची पाळी आली, पण थंडी भरली नाही. पुढची पाळीही चुकली. जमुनानं भाकर मागितली तेव्हा गोदाबाईला रडू फुटलं, आणि लगेच संतापही आला.

"म्हंजे हिले खरी देली, अन् माह्या मानसाले खोटी!"

"एकाच बरनीतली व्हय! त्यानं सगळ्या पुड्या खाल्ल्या होत्या?"

"त्याच्या वाट्याची खाल्ली."

"वाट्याची म्हंजे?"

एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे पाहिलं. "अर्धी टोळी तापानं पडली होती. पुड्या परातीत ओतल्या, सारखे ढीग लावले. सहदेव सोता म्हने, एकट्याच्या घशात कशी घालू? कोनाले कमी नाई, कोनाले जास्ती..."

ढीग दाखवणारे आपलेच हात तिनं पदराखाली घेतले.

वर्षभर शिव्या खाल्लेला नियाज. आज त्याचा दिवस होता. "एका मानसाच्या होत्या त्या," तो म्हणाला. "वाटल्या, म्हून कोनाच्याच नाई राह्यल्या. तूनंच मारलं त्याले." त्याला तिची दया आली नाही. उरलेल्या पुड्या त्यानं तिच्या पुढ्यात टाकल्या. "ताप गेला तरी इच्या पुड्या इलेच खाऊ घाल. बरनी रिकामी झाली. अमरावतीहून नवी साल कवा येईन, खुदाले माहीत."

गोदाबाई गावात पोचली, तर वच्छला तिच्या दारातच बसलेली. दोघींनी वीस वर्षं एका रांगेत कापूस वेचला होता. वच्छलाच्या मांडीवर लेक तापानं फणफणत होती आणि शेजारी परात होती. जमुना पायांनी चालत आली हे तिनं पाहिलं.

"लाव ढीग, गोदे."

गोदाबाईनं कमरेला खोचलेल्या पुड्या मुठीत घट्ट धरल्या. "वाटून काई होत नाई, वच्छले. वाटूनच सहदेव गेला."

"नियाजले चोर म्हनत होती, आता त्याचीच बोली बोलून राहिली! तुह्या सुनेचा जीव जीव, अन् माह्या पोरीचा काय कोंडा?"

गोदाबाईनं जमुनाला आत घेतलं. तिनं दार लावून घेतलं आणि जमुनाला पुडी दिली.

नवी साल यायच्या आधीच वच्छलाची लेक गेली.

लेकीचे दिवस झाल्यावर वच्छला वेचणीला आली. संध्याकाळी गोदाबाईनं नेहमीसारखे ढीग लावले. या वेळी बायांनी डोळे मिटले नाहीत. एकेकीनं ढीग हातात तोलून पाहिला, मगच ओटीत घेतला. वच्छलानं आपल्या ढिगाला हातही लावला नाही. पदर झटकून ती निघून गेली.

अंधार पडला तरी गोदाबाई बांधावर त्या ढिगापाशी बसून राहिली. तो तिला घरीही नेता येईना, आणि दुसऱ्या कोणात वाटताही येईना.