मृत्यूगोलाचा बिल्ला

"बिल्ले जमवणं हा काय बायकांचा छंद आहे?" असं लग्नानंतर आमच्या ह्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पुरुषांचा आहे असं तरी कुठल्या पोथीत लिहिलंय, दाखवा!" नरसिंहराव जे गप्प बसले ते आजतागायत. माणूस गरीब आहे हो स्वभावाने, आणि मी नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

त्या काळी जयभारत कार्निव्हल दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास बंगळुरात बसवनगुडीच्या पलीकडच्या मैदानात उतरायचा. आकाशपाळणा, घोड्यांचं चक्र, भुतांचं घर, छोटी आगगाडी. खेळात बसलात की बाहेर पडताना त्या खेळाचा बिल्ला हातात पडायचा. पितळेचा, रुपयाएवढा, वर मिन्याचं रंगीत चित्र, खाली साल आणि मागे टाचणी. पोरंटोरं दोन दिवस सदऱ्याला लावून मिरवत आणि हरवून टाकत. आम्ही काही वेडे मात्र ते जपून ठेवायचो. रविवारी सकाळी लालबागेत बँडस्टँडजवळ आमची बैठक भरायची. बिल्ल्याला बिल्ला द्यायचा, पैशाचं नाव काढायचं नाही. दोघांनी तोंडाने "सरी", म्हणजे कानडीत "ठीक", म्हटलं की अदलाबदल पक्की. मग रडलात तरी परत मागायचा नाही, हा आमचा कायदा. त्या बैठकीत बाई मी एकटीच.

माझ्याकडे एक बिल्ला असा होता, की तसा दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. कार्निव्हल पहिल्यांदा आला त्या वर्षी मी नुकती मॅट्रिक झाले होते. पाळणा उभा राहिला, गर्दी लोटली, आणि बसायला एक माईचा लाल तयार होईना! मालक ओरडून ओरडून थकला. मोठमोठे मिशावाले वर बघायचे आणि मागे सरकायचे. मला असा संताप आला, की मी पदर खोचला आणि जाऊन बसले. वर गेल्यावर भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण वरून बसवण्णाच्या देवळाचा कळस माझ्या पायाखाली दिसला, आणि भीती कुठल्या कुठे पळाली. खाली उतरले तर मालकाने स्वतःच्या हाताने मला निळ्या पाळण्याचा बिल्ला दिला, आणि त्याच्या पाठीवर खिळ्याने एकचा आकडा कोरून दिला. पहिली बसणारी मी! माझ्या आयुष्यात मी कशात पहिली आले असेन तर त्यात.

आता तुम्ही विचाराल, असा बिल्ला मी दुसऱ्याला दिलाच कशाला? तर ऐका.

आमच्या बंगळूरच्या मराठी घरांतून नवरात्रात गोंबे मांडतात, म्हणजे पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या. खाली परातीत माती घालून, नाचणी पेरून एक बाग करायची. सगळ्यांच्या बागेत तेच ते आरशाचं तळं आणि तीच ती मातीची गाय. त्या एकसष्ट सालात मी ठरवलं, की आपल्या बागेत अख्खा कार्निव्हल मांडायचा. काड्यांचा पाळणा, पुठ्ठ्याचं भुतांचं घर, आणि प्रत्येक खेळापुढे त्याचा बिल्ला. सगळं जमलं होतं, नव्हता तो फक्त मृत्यूगोल. लोखंडी जाळीच्या गोळ्यात मोटरसायकल फिरवायचा तो खेळ एकाच वर्षी आला आणि आठवड्याभरात बंद पडला. त्याचा बिल्ला आमच्या बैठकीत दोघांकडेच होता. एक के. आर. पुरमला रेल्वेत असलेल्या मल्लाप्पांकडे. ते बेळगावकडचे. ते तर तो दुरूनच दाखवायचे. आणि दुसरा सुधींद्ररावांकडे.

सुधींद्रराव म्हणजे आमच्या बैठकीचे पुढारी. धोतर कडक इस्त्रीचं, बोलणं तुपातलं. जो बिल्ला कोणाकडे नसेल तो ह्यांच्याकडे हमखास निघायचा. ते मला म्हणाले, "सत्यवतीबाई, मृत्यूगोल देतो. पण पाळणा तो एक नंबरचाच हवा."

मी दोन रविवार घुटमळले. मग विचार केला, नंतरच्या सालांचे पाळणे आहेतच की आपल्याकडे. तिसऱ्या रविवारी ते "सरी" म्हणाले, मीही "सरी" म्हणाले. घरी येताना दोनदा मागे वळून पाहिलं, पण मुठीत मृत्यूगोल होता. लाल मोटरसायकल, काळी जाळी, काय त्याचा थाट!

आता आमच्या सासूबाईंबद्दल सांगते. नाव गोदूबाई, पण आमच्यात कानडीसारखं अत्ते म्हणायची पद्धत. सोवळं कडक. नवरात्राआधी घरातला पितळेचा एकूण एक जिन्नस चिंच आणि राख लावून घासायचा आणि मगच देवाजवळ घ्यायचा, हा त्यांचा नेम. गुरुवारी मी शाळेत शिकवून घरी आले, तर अत्ते मोरीजवळ पाट टाकून बसलेल्या आणि समोर माझे सगळे बिल्ले!

"अय्यो अत्ते, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? गोंब्यांत कलशाजवळ मांडणार ना तू हे? तिथं न घासलेलं पितळ चालत नाही. बघ कसे लखलखले!"

खरंच लखलखले होते. घोडे, भुतं, आगगाडी, सगळ्यांचे रंग जसेच्या तसे, पितळ मात्र सोन्यासारखं. मी उकिडवी बसून एकेक उचलून पाहिला. शेवटी पाटाच्या कडेला एक नुसती पिवळी चकती राहिली होती. ना मोटरसायकल, ना जाळी. सगळा रंग चिंचेच्या पाण्यात उतरून लाल-काळा चिखल झाला होता.

मी ती अत्तेंच्या हातात दिली. अत्ते घाबरल्या, पण क्षणभरच. चकती बोटांत धरून त्यांनी उजेडाकडे केली आणि म्हणाल्या, "अगं, हा मिना नव्हेच. हा तर तैलरंग. मी काल-परवाची घासतेय का पितळ? बाकीचे टिकले, मग ह्यालाच काय धाड भरली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रडले नाही. माझ्या अंगाची आग आग झाली.

तशीच सुधींद्ररावांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. चकती पाहून त्यांनी च्-च् केलं. "सत्यवतीबाई, असल्या नाजूक वस्तू का चिंचेने घासतात? त्या सालाचा मिना मुळातच कच्चा होता. चूक तुमच्या घरची, मी काय करणार? शिवाय सरी झालेली आहे." आणि मग सहज बोलल्यासारखे म्हणाले, "तुमचा पाळणा येत्या रविवारी मद्रासला चालला. तिथले एक गृहस्थ मुद्दाम येताहेत अदलाबदलीला."

म्हणजे रविवारनंतर माझा बिल्ला कायमचा गेला! मद्रासला मी कुणाच्या दारात उभी राहणार होते? आणि बैठकीत जाऊन भांडले असते तर सगळे म्हणाले असते, बायकांनी घासून वाट लावली आणि आता बोंब मारतात. त्या सालाचा मिना कच्चा नव्हता हे दाखवायला त्याच सालाचा खरा मृत्यूगोल हवा होता, आणि तो घासून बघायला हवा होता. असा बिल्ला एकच होता.

शनिवारी मी बस पकडून के. आर. पुरमला मल्लाप्पांच्या क्वार्टरवर गेले. सगळं ऐकून त्यांनी डोकं खाजवलं.

"अक्का, तुमचं खरं असंल बघा. पन माझा बिल्ला चिंचंत घालायचा म्हंजे... त्यो मोटरसायकल फिरवणारा माझ्या गावचा हुता वो. त्येनंच दिलेला हाय. जर का रंग गेला तर?"

"रंग गेला तर माझे सगळे बिल्ले तुमचे," मी म्हटलं. "ज्यावर लावलेत त्या फळीसकट. आत्ता सरी म्हणते."

 बोलून गेले खरी, आणि मग मनात हिशेब केला. बारा वर्षांची जमवाजमव होती ती. मल्लाप्पांनी स्वल्प विचार केला आणि हळूच म्हणाले, "सरी. पन घासनार कोन? तुम्ही हळू घासला म्हनतील ना समदी."

हा प्रश्न मी घरी येऊन अत्तेंपुढे ठेवला. त्यांनी ऐकलं, उठल्या, आणि उद्याची चिंच भिजत घातली.

रविवारी लालबागेत आमची वरात निघाली ती बघायला हवी होती. पुढे अत्ते, नऊवारी काष्टा, हातात पितळी गंगाळ. मागे मी, फळी छातीशी धरून. त्यामागे राखेचा डबा घेऊन आमचे हे, खाली मान घालून. बँडस्टँडजवळ बैठक भरली होती. मद्रासचे गृहस्थ आले होते, आणि सुधींद्ररावांच्या तळहातावर माझा निळा पाळणा होता. तो दिसला आणि मी सरळ पुढे गेले.

"थांबा," मी म्हटलं. "सरी मोडायला नाही आले. कायदा मलाही ठाऊक आहे. पण मला जो दिला तो बिल्ला खरा होता की नाही, एवढंच आज बघायचं." आणि सगळ्यांसमक्ष मल्लाप्पांशी ठरलेली बोली सांगितली.

सुधींद्रराव हसले. "हा काय पोरखेळ! बागेत भांडी घासायची का आता?"

"घासू दे की," मद्रासचे गृहस्थ म्हणाले. ते त्यांनी तमिळमध्ये म्हटलं, पण कळलं सगळ्यांना.

अत्तेंनी फतकल मारली. मल्लाप्पांनी रुमालात बांधलेला बिल्ला काढला, कपाळाला लावला आणि त्यांच्या हातात दिला. अत्तेंनी चिंचेचा गोळा घेतला, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि जे काही घासायला लागल्या म्हणता! मल्लाप्पांनी तोंड फिरवलं.  गंगाळातलं पाणी काळं झालं आणि मला वाटलं, संपलं! फळी गेली, पाळणा गेला, इज्जतही गेली.

अत्तेंनी बिल्ला पाण्यात खळबळला आणि पदराने पुसून वर धरला.

लाल मोटरसायकल! काळी जाळी! सकाळच्या उन्हात असा चमकला, की पुढची रांग मागे झुकली. पाणी काळं झालं होतं ते राखेने आणि पितळेच्या मळाने. मल्लाप्पा "हाय की! हाय की वो!" म्हणत लहान मुलासारखे नाचायला लागले. शेजारी मी माझी पिवळी चकती ठेवली. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

 मग मागून एकजण पुढे आला. खिशातून बिल्ला काढून त्याने अत्तेंपुढे धरला. "अम्मा, हाही जरा घासून बघता? सुधींद्ररावांकडूनच घेतलाय." दोन चोळण्यांत भुतांच्या घरावरचं भूत पळालं! मग दुसरा आला. मग तर रांगच लागली. अत्ते घासताहेत, रंग उतरताहेत, आणि प्रत्येक उतरलेल्या रंगाबरोबर एकेक मान सुधींद्ररावांकडे वळतेय. जो बिल्ला कोणाकडे नसेल तो ह्यांच्याकडे कसा काय निघायचा, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. इस्त्रीच्या धोतरातला माणूस घामाने निथळला.

"मी... मला तरी कुठे माहीत होतं," ते पुटपुटले.  त्यांनी माझा पाळणा फळीवर ठेवायला हात पुढे केला.

"फळीवर नको," मी म्हटलं. "हातात द्या. आणि मोठ्याने सांगा, कोणाचा आहे."

"सत्यवतीबाईंचा," ते म्हणाले.

"मागच्या लोकांना ऐकू नाही आलं."

"सत्यवतीबाईंचा!"

मी बिल्ला पालथा केला. खिळ्याने कोरलेला एक तिथेच होता. तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांना धार लागली, सगळ्या पुरुषांदेखत, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही. मद्रासचे गृहस्थ पुढे आले. आपली मखमली पेटी उघडून त्यांनी खुणेने सांगितलं, ह्यातले हवे ते घ्या, हवे तितके घ्या, पण तो द्या. काय एकेक बिल्ले होते त्यात! कोलंबोचे, मुंबईचे, बोटीचे, विमानाचे. बैठकीतल्या माणसांनी श्वास रोखले.

मी त्यांच्यासमोर बिल्ला पदराला टाचला, टाचणीचं टोक नीट आत घातलं, आणि हात जोडून "इल्ला" म्हटलं. हे "नाही" तमिळ आणि कानडी दोन्हींत चालतं. मग आम्ही लालबागेच्या मधल्या रस्त्याने घरी निघालो. अत्ते पुढे होत्या. मी पदर पुढे घेऊन चालत होते, आणि समोरून येणारा जो कोणी बघेल त्याला थांबून सांगत होते, की पाळण्यात सगळ्यांत आधी मी बसले होते.